माझी आई फौजेत होती (अण्णा नव्हे)

चाफेकळी

आई गेल्यावर घरी भेटायला येणाऱ्या निम्म्या लोकांनी ती काळी लोखंडी पेटी बघून विचारलं, "अण्णा मिलिटरीत होते वाटतं?" अण्णा साताऱ्यात हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांनी उभ्या जन्मात हातात धरलेलं सगळ्यात लांब हत्यार म्हणजे नकाशावर फिरवायची छडी.

पेटी आईची. झाकणावर पांढऱ्या रंगात तिचं माहेरचं नाव आणि 'कॅप्टन'. बदली झाली की जुन्या गावावर काळा रंग मारायचा आणि वर नवं गाव लिहायचं, अशी पद्धत. तिरप्या उन्हात धरली तर खालची अक्षरं अजून उमटतात: शिलाँग, झाशी, जम्मू, पुणे. 'कॅप्टन'च्या खाली 'लेफ्टनंट'ची मात्रा दिसते. आम्ही त्यात गोधड्या आणि दिवाळीची पितळी भांडी ठेवायचो.

आईचं माहेर अपशिंगे मिलिटरीच्या पट्ट्यातलं. पहिल्या महायुद्धात अपशिंग्यासारख्या एका लहान गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्तंभ तिथे आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आजूबाजूच्या गावांतही घरटी एक माणूस पलटणीत असायचा. माणूस म्हणजे अर्थातच पुरुष. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत. दुसऱ्या महायुद्धात इटलीत खांद्यात गोळी लागून बरेच दिवस हॉस्पिटलात पडून होते. तिथल्या नर्सेसबद्दल ते म्हातारपणापर्यंत हात जोडून बोलायचे. १९६६ साली आईने पुण्याच्या एएफएमसीच्या, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजच्या, नर्सिंग कॉलेजात जायचं ठरवलं (कॉलेज तेव्हा नवंच होतं, १९६४ चं) तेव्हा घरात रडारड झाली. परक्यांची घाण काढायची, पोरीला स्थळ कोण देणार, वगैरे. आजोबा एवढंच म्हणाले, "माझी घाण जिनं काढली ती गोरी होती. आपल्या पोरांची काढायला आपली पोर नको?"

चार वर्षांनी ती लेफ्टनंट होऊन बाहेर पडली. गावात पत्र आलं तेव्हा पोस्टमनने हुद्दा वाचून ते आजोबांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "सुभेदार, आता पोरीला सॅल्यूट मारायचा." आजोबांनी खरंच मारला म्हणतात. हा किस्सा मामा सांगतो, आणि मामाचे किस्से निम्मेच खरे धरावेत.

१९७१ ला ती शिलाँगच्या मिलिटरी हॉस्पिटलात होती. लढाई १३ दिवसांची, ३ ते १६ डिसेंबर, पण तिच्या बोलण्यात लढाई उन्हाळ्यातच सुरू व्हायची. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते, हगवण आणि कॉलऱ्याने पोरं जात होती. डिसेंबरात जखमी यायला लागले. जमालपूरला १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, १० आणि ११ डिसेंबरच्या रात्री लढली. त्या भागातून आलेल्यांत सांगलीकडचा एक पोरगा होता, गुडघ्याखाली पाय गेलेला. शुद्धीवर आल्यावर आईला मराठी बोलताना ऐकून त्याने पहिलं काय विचारलं? "सिस्टर, तुम्ही कुठल्या?" सातारा म्हटल्यावर म्हणाला, "मग जवळच."

त्याने आईकडून घरी आंतर्देशीय पत्र लिहून घेतलं. तो सांगेल तसं ती लिहीत गेली. पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का, धाकट्याला शाळेतून काढू नका. शेवटी म्हणाला, "लिहा, मला बरं आहे, फक्त पाय जरा दुखतो." आई थांबली. तो म्हणाला, "लिहा की." तिने लिहिलं, घडी घातली, कडा चिकटवल्या. आईने लढाईची म्हणून सांगितलेली ही एकच गोष्ट. बाकी विचारलं की "काम होतं" एवढंच.

आता लग्नाकडे येते, कारण धागा त्यासाठीच काढला आहे.

१९७९ साली अण्णांचं स्थळ आलं. आई ३१ वर्षांची. आत्याबाईंच्या भाषेत घोडनवरी. तिला लग्न करायचं होतं आणि नोकरीही ठेवायची होती. तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसला १९७७ सालचं एक आर्मी इन्स्ट्रक्शन लागू होतं. त्यात सेवा कशाकशाने संपते त्याच्या यादीत मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवणं, गैरवर्तन, आणि लग्न. एकाच यादीत. लग्न झालं, सेवा संपली. नऊ वर्षांची नोकरी, थोडी ग्रॅच्युइटी, आणि घरी. पेन्शन नाही. पुढे २००३ ला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आली, तिचं कार्ड नाही. कॅन्टीनचं कार्ड नाही. शेजारचे काका पंधरा वर्षं क्लार्क होते फौजेत, ते कॅन्टीनमधून आम्हाला साबण आणि चहा आणून द्यायचे. आई पैसे मोजून द्यायची आणि "थँक्यू साहेब" म्हणायची. काका हवालदार होऊन निवृत्त झालेले.

पुढची पंचवीसेक वर्षं तिने एका खाजगी प्रसूतिगृहात काढली, बहुतेक रात्रपाळ्या. आम्ही दोघं शाळेत असताना ती झोपायची आणि आम्ही यायच्या आत उठायची. ती कधी झोपते हे मला दहावीपर्यंत कळलं नव्हतं. जवळ घेणं, पापे घेणं तिला जमायचं नाही. तिचं प्रेम म्हणजे तापाचा तक्ता. आम्हाला ताप आला की अण्णांच्या आलेख वहीचं पान फाडायचं, दर चार तासांनी थर्मामीटर, नाडी, श्वास, आणि लाल-निळ्या पेन्सिलीने रेघ. माझ्या चौथीतल्या टायफॉइडचा तक्ता परवा पेटीच्या तळाशी सापडला. रात्री दोनची आणि पहाटे सहाची खूण एकही दिवस चुकलेली नाही. सुट्टी घेतली होती की रात्रपाळी करून मध्येच घरी येत होती, हे आता सांगणारं कोणी नाही, अण्णा आधीच गेले.

रात्री आमच्या खोलीत यायची ती टॉर्चवर तळहात धरून. बोटं आतून लाल दिसायची आणि तेवढ्या उजेडात ती आमचा श्वास बघायची. घरात ट्यूबलाइट होती. लावायची नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पेपरात बातमी आली. १९८८ साली लग्न केलं म्हणून काढून टाकलेल्या एका नर्सिंग ऑफिसरला ६० लाख रुपये द्या असा सुप्रीम कोर्टाचा निकाल. तो नियम १९९५ साली रद्द झाला होता, पण तिची केस चालूच होती. मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "छत्तीस वर्षं वकिलाला किती गेले असतील?" मग बराच वेळ गवारच मोडली. मी विचारलं, तुला राग नाही का येत? तर म्हणाली, "मला विचारलं होतं, नोकरी का लग्न. मी उत्तर दिलं. तुझ्या बापाला कुठं कोणी विचारलं?"

बास. त्यावर पुन्हा बोलली नाही. आता ती गेल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शोकसभेत तीन भाषणं झाली. आदर्श माता, सरांच्या खांद्याला खांदा, अन्नपूर्णा. (आईचा स्वयंपाक बेताचाच होता. आमटी तर हॉस्पिटलची.) फौजेचा उल्लेख कोणी केला नाही. माहेरच्या गावात वेशीपाशी आजी-माजी सैनिकांचा फलक आहे, आजोबांचं नाव आहे, मामाचं आहे, तिचं नाही.

प्रश्न दोन. एक, तिची मेडल्स (संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं) घर बदलताना कुठेतरी गेली. दुसरी प्रत मिळते का? दोन, फलकावर नाव घालायला कोणाकडे जावं लागतं? आणि कोणाच्या घरात अशी बाई असेल तर लिहा. वाचायला आवडेल.

मेथीची_जुडी

काय लिहिलंयस गं. टॉर्चवाला परिच्छेद वाचून उठून पाणी प्यायले. माझी मावशी सिव्हिलला स्टाफ नर्स होती, तीही अशीच यायची. आम्ही जागे असलो तर हळूच चिमटा काढायची.

दुर्गभ्रमर

सुंदर लेख. आईंना आदरांजली. पण एक म्हणावंसं वाटतं. त्यांनी कुटुंब निवडलं, मुलांना घडवलं, हाच खरा त्याग. आजकालच्या करिअरच्या मागे धावणाऱ्या मुलींनी हे वाचायला हवं. मातृत्वापुढे मेडल काय चीज आहे?

वानवडीची

दुर्गभ्रमर, लेख पुन्हा वाचा. तिने नोकरी सोडली नाही, तिला काढलं. मुलं झाल्यावरही पंचवीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. करिअरच्या मागे धावणं याला नाही तर कशाला म्हणायचं?

चाफेकळी, मी एमएनएसमधूनच (मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस) निवृत्त झाले, तुझ्या आईनंतर पुष्कळ वर्षांनी. आमच्या बॅचला हा नियम फक्त ऐकून माहीत होता. सिनियर मॅडम सांगायच्या, अमुक वॉर्डमास्टरपेक्षा कडक होती, लग्न केलं, गेली. मेली असल्यासारखं सांगायच्या. मला दोन मुलं नोकरीत झाली. धाकटा आठ महिन्यांचा असताना बदलीची ऑर्डर आली, फील्डला. त्याला सासूबाईंकडे ठेवला. सुट्टीवर आले तर तो मला बघून सासूबाईंच्या पदराआड. म्हणजे नियम गेला म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. पण निदान उंबऱ्यावरून परत पाठवलं नाही.

टॉर्चवर हात धरणं हे आम्हाला शिकवावं लागत नाही, पहिल्या नाइट ड्यूटीला सिनियरचं बघून आपोआप येतं. जखमीच्या डोळ्यांवर उजेड पडला की तो दचकून उठतो, काहीजण हाणतातसुद्धा. लढाईवरून आलेले जास्त.

ठोकळा

भावना समजू शकतो, पण फलकाच्या बाबतीत गावाची बाजूही बघा. सैनिक म्हणजे शस्त्र घेऊन लढणारा. नर्स आदरणीय आहेच, पण तिला सैनिक म्हटलं तर मग फौजेतला न्हावी, धोबी सगळेच सैनिक होतील.

निवृत्त_सुभेदार

ठोकळा साहेब, फौजेतला न्हावी आणि धोबी सैनिकच असतो. त्याला नंबर असतो, रायफल चालवायचं ट्रेनिंग असतं, आणि गोळा पडला तर ट्रेड विचारून पडत नाही. आमच्या गावच्या फलकावर ट्रेड्समन लोकांची नावं आहेत आणि ती असायलाच पाहिजेत.

मी १९९९ ला कारगिलहून श्रीनगरच्या ९२ बेस हॉस्पिटलला गेलो होतो, पोटात छर्रे घेऊन. तिथली एक मॅडम मेजर होती. माझ्यापेक्षा वयाने लहान. पहिल्या रात्री मी ओरडत होतो, शिव्या देत होतो, आईवरून. तिने ऐकून घेतलं. सकाळी म्हणाली, "आवाज चांगला आहे, म्हणजे फुप्फुस शाबूत आहे." तिला मी सिस्टर म्हणायचो. डिस्चार्जच्या दिवशी उभं राहता आलं तेव्हा सावधान होऊन सॅल्यूट मारला. ती हसली, म्हणाली असा सॅल्यूट वॉर्डात कमीच मिळतो. ते मला लागलं. खांद्यावर अशोकस्तंभ दिसत असून आम्ही नुसतं सिस्टर म्हणून हाक मारतो.

ठोकळा

मान्य. मला एमएनएस म्हणजे सिव्हिलियन स्टाफ असतो असं वाटत होतं.

काळा_कोट

नाही, १९४३ च्या अध्यादेशापासून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस हा सशस्त्र दलांचाच भाग आहे, आणि त्या कमिशन्ड ऑफिसर असतात. त्याआधी १ ऑक्टोबर १९२६ ला ती कायमची सेवा झाली. तो त्यांचा स्थापना दिवस. सुरुवात तर १८८८ ची, दहा ब्रिटिश नर्सेस मुंबईला उतरल्या तिथपासून. चाफेकळीच्या आई नोकरीत असतानाच, १९७६ साली, जी. ए. राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय लष्करातल्या पहिल्या महिला जनरल. डॉक्टर नाही, लढाऊ तुकडीतल्या नाही, नर्सिंगच्या.

आता लग्नाच्या नियमाबद्दल, कारण तिथे मजा आहे. १९७९ हे साल बघा. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात सी. बी. मुथम्मा यांची केस आली. परराष्ट्र सेवेत बाईने लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं वाटलं तर सरकार तिला राजीनामा द्यायला सांगू शकतं, असा नियम होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारलं की हाच न्याय पुरुषाला का नाही? म्हणजे तुमच्या आईने गवार मोडत जे विचारलं तेच. सरकारने ते नियम बदलतोय असं सांगितलं. दोन वर्षांनी, १९८१ साली, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची केस आली. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपते हा नियम कोर्टाने रद्द केला, पण पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही हा नियम मात्र ठेवला. कारणं वाचली तर हसू येतं, लोकसंख्या नियंत्रणसुद्धा त्यात आहे.

तर दिल्लीत हे सगळं चालू असताना लष्करी नर्सिंगमधला नियम १९९५ पर्यंत जिवंत राहिला. तो फक्त बायकांनाच लागू होता, हे २०२४ च्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

दुर्गभ्रमर

वानवडीची, काळा_कोट, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण समजा तो नियम नसता तर चाफेकळीचं बालपण आईविना गेलं असतं, जसं वानवडीचीच्या धाकट्याचं काही काळ गेलं. हा प्रश्न तरी विचारायला हवा की नको?

चाफेकळी

विचारा की. मी स्वतःला तो शाळेत असल्यापासून विचारते. आई फौजेत राहिली असती तर अण्णांशी लग्नच झालं नसतं, मी नसतेच, हे तर पहिलं. आम्हा दोघा भावंडांच्या असण्याची किंमत तिने भरली, हे कळायला लागल्यावर त्याचं ओझं वाटायचं. एकदा तिला तसं म्हटलं तर जोरात हसली. "तुम्ही झालात म्हणून काढलं नाही, बाई. तुमच्या आधीच काढलं. उगाच मान घेऊ नका."

आणि दुर्गभ्रमर, अण्णांनी लग्नानंतर बदली नाकारून साताऱ्यातच राहायचं ठरवलं, आईच्या नोकरीसाठी. पहाटेचा डबा ते करायचे. त्यांना कोणी त्यागमूर्ती म्हटलं नाही, त्यांना ते आवडलंही नसतं.

नाडीपरीक्षा

उशिरा आलो. लेखातला तो सांगलीचा पोरगा. "पाय जरा दुखतो" हे त्याने घरच्यांना धीर द्यायला खोटं सांगितलं असं बहुतेकांना वाटलं असेल, मलाही आधी वाटलं. पण शक्यता अशी आहे की तो खरंच सांगत होता. कापलेला पाय दुखतो. नसलेल्या बोटांना खाज सुटते, नसलेली पोटरी वळते. मेंदूत त्या पायाची जागा तशीच असते. वर्षानुवर्षं राहतं कधीकधी. तुमच्या आईंना हे नक्की माहीत असणार. म्हणूनच थांबल्या आणि म्हणूनच लिहिलं असेल.

अवांतर: १९७१ च्या कॉलऱ्याचा उल्लेख आलाय म्हणून. पश्चिम बंगालात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आला. आज मेडिकलमध्ये ओआरएसची पुडी मिळते त्यामागे ती छावणी आहे. महालनबीस २०२२ मध्ये गेले.

चाफेकळी

नाडीपरीक्षा, हे मला आजवर सुचलंच नव्हतं. आम्ही मावसभावंडं कित्येक वर्षं ही गोष्ट 'शूर जवान घरच्यांपासून लपवतो' अशी सांगत आलो. आई ऐकून घ्यायची, कधी दुरुस्त केलं नाही. आता वाटतं तिला ती आपली वेगळीच कळली होती.

साखर-मिठाचं पाणी: गल्लीत कोणालाही जुलाब झाले की आई तांब्या घेऊन हजर. चव बघायची, "अश्रूंपेक्षा खारट नको" म्हणायची. बनगावचं नाव तिच्या तोंडून ऐकलं नाही, पण शिलाँगलाही त्या उन्हाळ्यात हेच चाललं असणार.

पानशेतकर

माझ्या वडिलांचा पाय १९७१ ला शकरगडला सुरुंगावर गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिम्ब सेंटरला (१९४४ पासूनचं) त्यांचं येणं-जाणं आयुष्यभर होतं, दर काही वर्षांनी नवा पाय. लहानपणी मी बरोबर जायचो. तिथे वऱ्हांड्यात माणसं पाय काढून शेजारी ठेवून चहा प्यायची, मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. वडील शेवटपर्यंत रात्री उठून नसलेला पाय चोळायला हात खाली न्यायचे. डॉक्टरसाहेब म्हणतात ते अगदी खरं आहे. आई त्यांना हसायची नाही, ती पण उठून चादर चोळायची.

वडिलांना पठाणकोटला असताना पत्र लिहून देणारी एक सिस्टर होती. पत्रं आमच्याकडे आहेत, अक्षर सुरेख आहे, पण मराठी लिहिणारी बाई कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. खाली सही नाही. त्या कधीच सही करायच्या नाहीत का?

वानवडीची

नाही. पत्र पेशंटचं असतं.

मेथीची_जुडी

आमच्या घरातली एक मी पण लिहिते. आजोबांची मावसबहीण दुसऱ्या महायुद्धात वॅक-आयमध्ये होती, विमेन्स ऑक्झिलरी कोअर. १९४२ साली निघालं आणि १९४७ मध्ये बंद झालं. मुंबईत टायपिंग आणि टेलिफोन. खाकी साडीतला एक फोटो आहे. घरात तिला 'ती युद्धातली' म्हणायचे आणि हसायचे. पुढे तिचं काय झालं विचारलं तर सगळे म्हणायचे, पुढे काय, लग्न झालं.

ठोकळा

फलकाचं मी बघू का? माझा मित्र त्या तालुक्यात ग्रामसेवक आहे. माझ्या माहितीप्रमाणे ग्रामसभेत विषय ठेवला आणि ठराव झाला की नाव घालायला अडचण येऊ नये. फक्त सेवेचा काहीतरी कागद लागेल. गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. (आधीच्या प्रतिसादाबद्दल जास्त काही बोलत नाही.)

चाफेकळी

ठोकळा, व्यनि केला. धन्यवाद, मनापासून.

निवृत्त_सुभेदार

ताई, मेडलबद्दल कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. हरवलेल्या मेडलच्या बदली दुसरं मिळतं, पैसे भरून. थेट दिल्लीला पत्र टाकू नका, फिरत राहतं. आधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सकाळी लवकर, तिथे बसलेले लोक बहुतेक आपलेच निवृत्त असतात, नीट सांगतात. तिथून अर्ज पुढे कुठे जातो ते कळेल. बरोबर हे घ्या: त्यांचा सर्व्हिस नंबर (पेटीवर असेलच), रिलीज ऑर्डरची किंवा कमिशनची कोणतीही झेरॉक्स, मेडल हरवल्याचं पोलीस ठाण्याचं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला, तुमचा वारस असल्याचा पुरावा.

आणि एक महत्त्वाचं. त्यांचं रेकॉर्ड माहेरच्या नावाने असणार आणि मृत्यूचा दाखला सासरच्या नावाने. ही दोन्ही एकच बाई हे सिद्ध करायला लग्नाचा दाखला लागेल. त्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही. जुनी लग्नं नोंदलेली नसतात, मग फार त्रास होतो. तुमच्याकडे आहे का?

चाफेकळी

सुभेदार काका, आहे. तेव्हा लग्न नोंदवायची कोणाला गरज वाटायची नाही, पण हिला नोंदवावं लागलं, कारण दाखल्याची प्रत ऑफिसात जमा केल्याशिवाय नोकरीतून मोकळं करत नव्हते. त्यामुळे एक प्रत माझ्याकडे आहे आणि एक त्यांच्याकडेही असायला हवी. सोमवारी साताऱ्याला जातेय.